आज सोडतो म्हणाले होते

बूट पायात जाईना.

वहिनी चाकाच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली होती. डावा बूट सहज गेला. उजव्या पायाला सूज होती आणि त्या पायात जीवही नव्हता. तो दुसऱ्याच कोणाचा असावा तसा तिच्या हातात जड होऊन पडला होता. तिने नाडी शेवटच्या भोकापर्यंत सैल केली, बुटाची जीभ बाहेर ओढली आणि टाच तळहातावर पेलून बूट थोडा थोडा वर सरकवत राहिली.

"चपला आणायच्या ना गं वहिनी," नणंद म्हणाली. "घरी तर जायचंय."

"बाबा चपला घालून बाहेर पडत नाहीत, ताई."

"आता कुठले पडतायत! खुर्चीतून गाडीत नि गाडीतून कॉटवर."

"बरं," बाबा म्हणाले.

अर्धांगाचा झटका आला त्या दिवसापासून त्यांच्यापाशी एवढा एकच शब्द शिल्लक होता. पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं. सुई टोचली तरी बरं. पहिल्या दिवशी नणंदेला ते ऐकून रडू फुटलं होतं. पुढे सगळ्यांनाच त्याची सवय झाली, आणि खरं सांगायचं तर सोयही झाली. ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही, त्याला विचारायला सोपं जातं.

सकाळच्या फेरीला मोठे डॉक्टर कॉटशी उभ्याउभ्याच म्हणाले होते, "काय आजोबा, आज सोडतो तुम्हाला. खूश?"

"बरं."

"व्वा! मस्त." आणि ते पुढच्या कॉटकडे वळले होते.

सोमवारीही असंच सोडणार होते. तेव्हा ताप निघाला. बुधवारी सोडणार होते. तेव्हा कोणीतरी तपासायला यायचं होतं, ते आलंच नाही. दोन्ही दिवस वहिनीने सकाळी उठून घरातली बाहेरची खोली आवरली, कॉट खिडकीपाशी लावली आणि संध्याकाळी मोकळ्या हातांनी परत आली. आज मात्र नक्की, असं सगळेच म्हणत होते. सिस्टरने उजाडताच लघवीची नळीसुद्धा काढली होती. जाता जाता ती म्हणाली होती, "नळी काढलीय. आता त्यांची त्यांना झाली की मला सांगा हं. लिहावं लागतं."

बूट एकदाचा गेला. वहिनीने नाडी सैलच बांधली. चपला-बुटांच्या दुकानात उभं आयुष्य चाललं होतं तिचं. पण नमस्कार सोडला तर बाबांच्या पायाला तिने आज पहिल्यांदा हात लावला होता.

सगळे तिला वहिनीच म्हणत. नणंद म्हणे ते ठीकच, पण दुकानातल्या पोरी म्हणत, मालक म्हणत, नेहमीची गिऱ्हाइकंही म्हणत. बाबा तेवढे सूनबाई म्हणायचे, तेही दिवसातून एकदा-दोनदा, गरजेपुरतं. बँकेच्या दारावर पहारा देण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिथे त्यांना हवालदार म्हणत, ते कधी हवालदार नव्हते तरी. उभं राहायचं काम, बोलायचं नाही; ती सवय घरातही राहिली. सासूबाई गेल्यावर तर जास्तच. ते स्वतःचे कपडे स्वतः धूत. स्वयंपाकघराच्या दाराशी आले की आधी खाकरत, मग क्षणभर थांबत, मग आत येत. सून ओट्याशी कशी उभी असेल, कुठल्या विचारात असेल, तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही हा नियम मोडला नव्हता. घरात दोनच खोल्या होत्या, पण त्यांच्या त्या खाकरण्यामुळे तिला कधी अडचण वाटली नाही.

"उठवा हो आजोबांना," म्हणत कामाच्या मावशी आल्या तेव्हा बाबा खुर्चीतच बसलेले पाहून त्यांना हायसं वाटलं. "बसलेत होय? बरं झालं. खाली पेशंट येऊन थांबलाय." बघता बघता त्यांनी चादर ओढली, उशीचा अभ्रा काढला, गादीवर ओलं फडकं मारलं. बाबा बघत होते. ती त्यांची कॉट राहिली नव्हती.

"कागद अजून मिळाले नाहीत, मावशी," वहिनी म्हणाली.

"मिळतील की. बाहेर बसा तोवर. हवा असते बाहेर."

बाहेर हवा नव्हती. लांबलचक बोळ होता, दोन्ही बाजूंना बाकं, आणि बाकांवर असेच ताटकळलेले लोक. वहिनीने खुर्ची भिंतीशी लावली. बाबांनी डाव्या हाताने शर्टाची कॉलर चाचपली, वरचं बटण लागलेलं आहे ना ते पाहिलं. पांढरा शर्ट आणि राखाडी पँट. तिने काल इस्त्री करून आणली होती.

फोन वाजला. मालक होते.

"वहिनी, सुटका झाली का?"

"होतेय. आज नक्की आहे."

"सोमवारी पण नक्की होतं गं. शाळा उघडायचा आठवडा आहे. पोरांची ही रांग लागलीय, मी स्वतः खाली बसून मापं घेतोय. बसलो की मला उठवायला दुसरा माणूस लागतो."

तिला हसू आलं. मालक वाईट नव्हते. "दुपारपर्यंत येते," ती म्हणाली.

"ये बाई. नाहीतर मला कोणीतरी बघावं लागेल. रागावून नाही बोलत, दुकान चालवायचंय म्हणून बोलतो."

दुपार आली. तिचा नवरा बिलाच्या खिडकीवरून परत आला तेव्हा त्याचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता. तो छापखान्यात मशिनवर होता. मशिन बिघडलं तर त्याला कळायचं कुठे हात घालायचा. इथे काही कळत नव्हतं.

"खिडकीवरचा म्हणतो वॉर्डातून कागद आला नाही. वॉर्डातली म्हणते कधीच पाठवला. पाठवला तर गेला कुठे? उडाला? आता म्हणे लहान डॉक्टरांची सही राहिलीय, आणि ते ऑपरेशनला गेलेत."

"गिळायचं काय म्हणाले?" वहिनीने विचारलं. "एक जण म्हणतो फक्त पातळ द्या, दुसरी म्हणते पातळानेच ठसका लागतो, घट्ट द्या. मी काय देऊ घरी?"

"मी सही मागू का पातळ-घट्ट विचारू?"

"विचारायलाच हवं ना दादा," नणंद म्हणाली. "तू नुसता ओरडून येतोस. गोड बोलून काम होतं."

"मग जा ना तू. साखर घेऊन जा."

तेवढ्यात गाडीवाल्याचा फोन आला. सकाळपासून खाली उभा होता बिचारा. दुसरं भाडं आलं होतं, तो निघाला. नणंदेची पिशवी, बाबांच्या कपड्यांची पिशवी, सगळं त्याच गाडीत ठेवलेलं. नवरा फोनवर ओरडला, मग विनवणी केली. पिशव्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवून गाडी गेली.

मग बहीणभावांचं जे इतके दिवस पोटात होतं ते ओठावर आलं.

"मी नेलं असतं बाबांना माझ्याकडे," नणंद म्हणाली, "पण आमचा जिना."

"तुझ्या सासूला चढवलं ना त्याच जिन्यावरून?"

"माझ्या सासूचं नाव मध्ये आणू नकोस."

"नाव कुठे आणलं? नातं आणलं."

"बोल, बोल. तूच काय ते सगळं केलंस. मी रजा टाकून आले, आज संध्याकाळची गाडी पकडायचीय मला, घरी परीक्षा आहेत मुलांच्या. आणि तुमच्याकडे वहिनी आहे की."

"ती कामाला जाते."

"दुकानातच ना? म्हणजे मी कमी लेखत नाही हं, वहिनी. पण आज ना उद्या सुटण्यासारखं आहे. दादाचं तसं नाही, माझंही तसं नाही."

वहिनीने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. नवरा काही बोलेल म्हणून ती थांबली. तो भिंतीवरच्या वाट दाखवणाऱ्या बाणांकडे बघत होता, जणू त्यातला एखादा बाण घरी जातो.

"बाबा, वहिनी बघेल ना तुमचं? चालेल ना तुम्हाला?" नणंदेने वाकून मोठ्याने विचारलं. बाबांचे कान उत्तम होते.

बाबांनी सुनेकडे पाहिलं. मग स्वतःच्या मांडीकडे. "बरं," ते म्हणाले, इतकं हळू की नणंदेने ते ऐकलं नाही, ओठ हलले एवढंच पाहिलं.

लहान डॉक्टर ऑपरेशनमधून बाहेर आल्याची बातमी कोणीतरी आणली आणि दोघं बहीणभाऊ एकमेकांशी न बोलता एकाच दिशेने धावले.

बोळात वहिनी आणि बाबा राहिले.

"बरं," बाबा म्हणाले.

"पाणी?" तिने बाटली पुढे केली. त्यांनी तोंड फिरवलं.

"बरं. बरं, बरं."

"पाय दुखतोय? बूट काढू?"

त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. बोटांची नखं पांढरी झाली होती. चेहऱ्यावर तिने कधीही न पाहिलेलं काहीतरी होतं, आणि ते तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होते. बोळाच्या त्या टोकाला, या टोकाला, दाराकडे. मुलगा दिसतो का, कोणी पुरुषमाणूस दिसतो का. तिच्या एकदम लक्षात आलं. सकाळी नळी काढली होती. आता उन्हं कलायला आली होती.

तिने खुर्ची वळवली आणि ढकलत निघाली. बोळाच्या शेवटी पुरुषांचं स्वच्छतागृह होतं. दार अरुंद. खुर्चीची चाकं चौकटीला अडली. तिने मागे घेतली, तिरकी घातली, पुन्हा अडली.

"मावशी! ओ मावशी! जरा हात द्या!"

"आले हं, एवढी बादली ठेवून!" लांबून आवाज आला.

आतून एक माणूस हात पुसत बाहेर आला, बाई बघून दचकला आणि बाजूने निघून गेला. त्याला थांबवावं हे तिला तो गेल्यावर सुचलं.

"एक मिनिट बाबा. एकच मिनिट."

बाबा थांबले नाहीत. त्यांनी डावा पाय जमिनीवर रोवला, डाव्या हाताने चौकट धरली आणि उठायला लागले. जन्मभर जो माणूस कामावर असताना कधी खाली बसला नाही, तो खुर्चीतून वितभर उठला, थरथरला, तिथेच क्षणभर राहिला. आणि मग तिने त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. ते हळूच परत खाली बसले.

राखाडी पँट आधी मांडीवर काळी झाली, मग खाली. पाणी पायावरून उतरून सैल नाडीच्या बुटात गेलं, आणि फरशीवर एक लहान ओघळ चौकटीकडे सरकला.

बाबांनी मान भिंतीकडे वळवली. रडले नाहीत. डोळे उघडे ठेवून ते भिंतीवरच्या रंगाच्या पोपड्याकडे बघत राहिले.

वहिनीला वाटलं, आपण इथे नसतो तर बरं झालं असतं. आपल्या जागी कोणीही असतं. मग तिने चाक उचलून खुर्ची अंगावर घेतली, चौकटीत खरवडत आत ओढली आणि आतून कडी लावली.

"बाबा, भिंतीला दांडी आहे. डाव्या हाताने धरा. मी मागून धरते."

ते हलले नाहीत.

"मी डोळे मिटून करते. शपथ. मला दुकानात डोळे मिटून नाड्या बांधता येतात."

हे खोटं होतं. पण काहीतरी बोलायलाच हवं होतं. बऱ्याच वेळाने त्यांचा हात दांडीवर गेला. तिने त्यांना उभं केलं. त्यांचं सगळं वजन तिच्या खांद्यावर आलं आणि त्यांच्या छातीतली धडधड तिला त्यांच्या पाठीतून ऐकू आली. तिने खरोखरच डोळे मिटले. आंधळ्यासारखी बटणं शोधली, बूट काढले, पँट उतरवली, नळ चाचपला, रुमाल ओला केला, पुसलं, पिळला, पुन्हा पुसलं. पाणी गार होतं. बाबांच्या अंगावर काटा आला तोही तिच्या हाताला कळला. बाबांच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नाही. त्यांचा तो एक शब्दसुद्धा नाही.

दारावर थाप पडली. "काय झालं हो?" मावशींचा आवाज.

"मावशी, एखादा पायजमा मिळेल का? कसलाही चालेल."

मावशींची पावलं लांब गेली आणि परत आली. दाराच्या फटीतून दवाखान्याचा हिरवा पायजमा आत आला, बंदाचा, शंभरदा धुतलेला. तो बाबांना आखूड होत होता. वहिनीने बंद बांधला, बाबांना खुर्चीत बसवलं आणि मगच डोळे उघडले. बाबांचा शर्ट अजून कडक इस्त्रीचा होता. कॉलरचं बटण लावलेलं. खाली हिरवा पायजमा आणि अनवाणी पाय.

ओली पँट तिने पिळून घडी केली. बुटातलं पाणी ओतलं.

बाहेर आली तर सिस्टर समोरूनच येत होती. दिवसभर उभी होती तीही. एक पाय दुसऱ्यावर टेकवून क्षणभर थांबली. "आजोबांना झाली का? लिहायचं राहिलंय. तेवढ्यासाठी अडलंय बघा."

"झाली," वहिनी म्हणाली.

सिस्टरने पायजम्याकडे पाहिलं, वहिनीच्या हातातल्या घडीकडे पाहिलं. तिचा आवाज खाली आला. "त्यांची त्यांना झाली ना? मग चांगलं आहे. खरंच चांगलं आहे." आणि ती लिहायला गेली.

थोड्या वेळाने नवरा कागदांचा गठ्ठा झेंड्यासारखा धरून आला. मागे नणंद, हातात औषधांची पिशवी. दोघांचं भांडण कुठेतरी वाटेत मिटलं होतं. "झालं! सगळं झालं! गाडी पण दुसरी मिळाली." मग त्याची नजर खाली गेली. "हे काय? पँट कुठाय?"

बाबांनी मान खाली घातली.

"माझ्या हातून पाणी सांडलं," वहिनी म्हणाली. "बाटली उघडी राहिली होती."

"सगळीच्या सगळी ओली?"

"पूर्ण बाटली होती."

"काय गं वहिनी," नणंद म्हणाली. "एवढं एक काम होतं तुझ्याकडे. असा पायजमा घालून न्यायचं का त्यांना, सगळ्यांसमोरून? बाबांना कसं वाटत असेल!"

"चुकलं," वहिनी म्हणाली.

बाबांनी मान वर केली. ते लेकीकडे बघत होते. तोंड एका बाजूने उघडलं, घशातून काहीतरी वर आलं, ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. दोनदा त्यांनी प्रयत्न केला. नंतर डाव्या हाताने त्यांनी स्वतःच्या मांडीवर जोरात मारलं.

"हो हो बाबा, निघालोच," नणंद म्हणाली. "घाई झालीय बघ त्यांना घराची."

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. शेजारच्या सुताराने आणि नवऱ्याने मिळून बाबांना खुर्चीसकट पायऱ्या चढवल्या. नणंदेने बाबांच्या गालाला गाल लावला, खूप रडली आणि धावत गाडीला गेली. वहिनीने पातळ आणि घट्ट दोन्ही करून पाहिलं. घट्ट गेलं, ठसका न लागता. मग तिने पँट साबणाने धुतली, बाहेरच्या खोलीतल्या दोरीवर टाकली. बूट पालथे करून खिडकीत ठेवले.

नवरा जेवताना म्हणाला, "मालकांना उद्या सांगून टाक. उगाच त्यांनाही लटकत ठेवायला नको." मग जरा थांबून, ताटात बघत, "दुसरं काय करणार? तूच सांग."

तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली. दुकानात संध्याकाळी दिवे लागले की आरशांच्या ओळीत सगळ्या गिऱ्हाइकांचे फक्त पाय दिसत. नव्या बुटातली पोरं चालून बघताना आधी नेहमी तोल गेल्यासारखी चालत, आणि मग पळत. तिला ते आवडायचं. हे कोणाला सांगायची गोष्ट नव्हती.

"सांगते," ती म्हणाली.

सकाळी ती उठून बाहेरच्या खोलीत आली तेव्हा बाबा कॉटच्या कडेला बसलेले होते. एकटे. पाठ ताठ. कपाळावरून घाम ओघळत होता आणि श्वास लागला होता, लांबून चालून आल्यासारखा. दोरी रिकामी होती. ती कॉटच्या डोक्याशीच होती, बसल्या जागेवरून हात पोचेल अशी. हिरवा पायजमा उशीवर ठेवलेला होता, एका हाताने जमेल तशी घडी घालून.

त्यांनी राखाडी पँट घातली होती. किती वेळापासून झटत होते कोणास ठाऊक. उजवा पाय आत घालायला त्यांनी तो हाताने उचलला असणार, पडला असेल, पुन्हा उचलला असेल. पँट उलटी होती. मागची बाजू पुढे आली होती, बटण पाठीशी उघडंच होतं, आणि खिसे भलतीकडेच. कापड अजून दमट होतं.

वहिनी दारात थांबली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, सरळ, आणि नजर वळवली नाही.

मागून नवरा डोळे चोळत आला. "अरे! बाबा, हे काय, उलटी घातलीत. थांबा, मी—"

वहिनीने त्याचा दंड धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांची त्यांनी घातलीय."